वाचोपचार : खाजगी व्यवसाय

उच्चार, भाषा, आवाज, बोलण्याचा ओघ आणि गिळण्याची क्रिया यांतील दोषांचे निदान व उपचार स्वतंत्रपणे, शुल्क घेऊन करण्याचा व्यवसाय. व्यवहारात तो ‘स्पीच थेरपी’ या नावाने ओळखला जातो. उशिरा बोलू लागणारी वा ऐकू न येणारी मुले, तोतरेपणा असलेल्या व्यक्ती, दुभंगलेल्या टाळूवर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, पक्षाघातामुळे वाचाघात झालेले प्रौढ, तसेच आवाजावर ताण पडलेले शिक्षक व गायक हे उपचारार्थ येतात.

शिक्षण व नोंदणी : भारतात या विषयाच्या पद्धतशीर शिक्षणास १९६० नंतरच्या दशकात मुंबईचे नायर रुग्णालय आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था (स्थापना १९६५) यांमुळे चालना मिळाली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये व्यावसायिकाचे नाव परिषदेच्या नोंदवहीत असणे आवश्यक आहे.

कामाची आखणी : उपचाराची एक बैठक साधारणपणे अर्ध्या ते पाऊण तासाची असते. चाचण्यांचे विश्लेषण, अहवाल, साहित्याची तयारी आणि पालक व शिक्षकांशी विचारविनिमय ही कामे मात्र बैठकीबाहेर करावी लागतात व त्यांचे शुल्क बहुधा मिळत नाही. सर्व वेळ बैठकींनी भरून टाकल्यास ही कामे रात्रीवर जातात आणि उपचारांचा दर्जा घसरतो. म्हणून त्यांसाठी दिवसातील वेळ राखून ठेवणे हिताचे ठरते. शाळकरी मुले सायंकाळीच येऊ शकतात; सकाळचा वेळ लहान बालके व प्रौढ रुग्ण यांना देता येतो. परीक्षा, दिवाळी व उन्हाळ्याची सुटी या काळांत उपस्थिती घटते. उत्पन्नातील ही अनियमितता टाळण्यासाठी अनेकजण रुग्णालयात वा शाळेत अर्धवेळ काम करून सायंकाळी स्वतःचे केंद्र चालवितात.

रुग्ण प्रतीक्षेत असल्यास केवळ नावाच्या क्रमाने त्यांना बोलाविणे योग्य नसते. गिळण्याच्या दोषात अन्न श्वासमार्गात जाऊन फुप्फुसदाह होण्याचा धोका असतो. बहिऱ्या बालकाच्या भाषाविकासास पहिली वर्षे निर्णायक असतात. अशा रुग्णांना अग्रक्रम द्यावा लागतो.

उपचारांची समाप्ती : व्यावसायिकाचे उत्पन्न बैठकींच्या संख्येवर, तर रुग्णाचे हित त्या कमी होण्यावर अवलंबून असते. हा या व्यवसायातील मूलभूत पेच होय. त्यासाठी आरंभीच उद्दिष्टे, फेरतपासणीची तारीख व उपचार थांबविण्याचे निकष लेखी ठरवितात आणि घरी करावयाचा सराव पालकांना शिकवितात. बोलीतील भेद हा दोष समजला जाऊ नये, याचीही दक्षता घ्यावी लागते. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. कित्येक बोलींत ‘ण’ऐवजी ‘न’ उच्चारतात. अशा उच्चारांवरील ‘उपचार’ म्हणजे पालकांच्या पैशाचा व मुलाच्या आत्मविश्वासाचा अपव्यय होय.

कारकीर्द : एकट्याने काम करणाऱ्यास सहकाऱ्यांचा सल्ला सहजी मिळत नाही. अवघड रुग्णांविषयी नियमित चर्चा, कान-नाक-घसातज्ञ व बालरोगतज्ञ यांच्याशी संपर्क आणि एखाद्या शाखेत विशेष प्रावीण्य यांमुळे ही उणीव भरून निघते. २०२० मधील टाळेबंदीपासून दूरस्थ बैठकींचा वापर वाढला व लहान गावांतील कुटुंबांचा प्रवास काहीसा वाचला. गिळण्याच्या दोषांत मात्र प्रत्यक्ष तपासणीची गरज बहुधा राहतेच. उपचार वेळेवर पूर्ण करून रुग्णास निरोप देणाऱ्या केंद्राकडे नवे रुग्ण जुन्यांच्या शिफारशीने येतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या व्यवसायाचा हाच मुख्य आधार असतो.