परत न घेता येणारी शिक्षा

रायपूर शहराच्या मध्यभागी जयस्तंभ चौक आहे. सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांच्या बलिदानाची आठवण या चौकाशी जोडलेली आहे. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी एका व्यापाऱ्याच्या कोठारातील धान्य काढून उपाशी प्रजेला वाटले. त्यांना अटक झाली. तुरुंगातून निसटून त्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूर येथे त्यांना देहान्त शासन देण्यात आले. पुढे भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. नवा रायपूर येथील क्रिकेट मैदानाला त्यांचेच नाव आहे. काळाने निकाल फिरविला, परंतु शिक्षा मागे घेण्याची सोय उरली नव्हती.

तो परकीय सत्तेचा न्याय होता, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप रास्त आहे. स्वतंत्र भारतात फाशीच्या शिक्षेला उच्च न्यायालयाची मान्यता लागते. राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करता येतो. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच ही शिक्षा द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बच्चनसिंग खटल्यात ठरवून दिले. एवढी काळजी घेऊनही चूक होऊ शकते काय? महाराष्ट्रातील एक खटला या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. अत्यंत क्रूर असे हे कृत्य होते. भटक्या समाजातील सहा गरीब मजुरांवर खटला चालला व २००६ साली सत्र न्यायालयाने सर्वांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. परंतु २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. त्यांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झाले. पुढे त्याच न्यायालयाने आपला निर्णय मागे घेऊन पुन्हा सुनावणी केली आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने सुरुवातीस पोलिसांच्या दप्तरातील छायाचित्रांवरून वेगळ्याच चौघांना ओळखले होते; त्या दिशेने तपासच झाला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षांची ती किंमत म्हणता येणार नाही. पण ती घेण्यास ते हयात होते.

फाशीमुळे गुन्हेगारांना जरब बसते, असे तिचे समर्थक मानतात. जन्मठेपेहून अधिक जरब बसते असा पुरावा मात्र मिळत नाही, असे विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात नमूद केले. दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता ही शिक्षा रद्द करावी, अशी आयोगाची शिफारस होती. ती स्वीकारली गेली नाही. भारतीय न्याय संहितेतही फाशी कायम आहे. त्याआधी, जून १९४९ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संविधान सभेत फाशी रद्द करण्याकडे आपला कल असल्याचे सांगितले होते. अहिंसेला नैतिक आदेश मानणाऱ्या देशाला तेच शोभते, असा त्यांचा विचार होता.

शिक्षेची प्रतीक्षा हीसुद्धा एक शिक्षाच होते. छत्तीसगडमधील एका कैद्याची फाशी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली जन्मठेपेत बदलली. दयेच्या अर्जावरील विलंब आणि एकांत कोठडी ही त्याची कारणे होती.

मग बळी पडलेल्यांच्या आप्तांचे काय? हा प्रश्न सर्वांत कठीण आहे आणि फाशीच्या विरोधकांनी तो टाळू नये. त्यांचा संताप स्वाभाविक असतो. परंतु नाशिकच्या खटल्यात सहा जणांना फासावर चढविले असते, तर त्या वाचलेल्या महिलेने ज्यांना प्रथम ओळखले, त्यांची चौकशी का झाली नाही, हे विचारण्याचे कारणही कोणाला उरले नसते.