मेंदूतील तारेची दुसरी शस्त्रक्रिया

घरातला दिवा एकाएकी विझला, तर जाणता माणूस तो लगेच फेकून देत नाही. बटण पाहतो, तार पाहतो, मग दिव्याला हात घालतो. कंपवाताच्या रोग्याच्या मेंदूत बसविलेल्या तारेविषयीही हाच विवेक लागतो.

मेंदूतील ठराविक जागी विजेचे जलद, सूक्ष्म स्पंद दिले असता हाताचा कंप थांबतो, हे फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेनाबिद या शल्यविशारदांना १९८७ साली दिसून आले. त्यातून हा उपचार रूढ झाला. सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची तार कवटीतून मेंदूत खोल सोडतात. कानामागून व मानेतून, कातडीखालून जाणारी दुसरी तार तिला छातीवरील लहानशा विद्युत्‌पेटीशी जोडते. रोग समूळ जात नाही. परंतु कंप व ताठरपणा पुष्कळ कमी होतो.

आता, गेलेला कंप परत आला तर? पुष्कळदा पेटीतील बॅटरीच संपलेली असते. साधी बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षे टिकते. अशा वेळी केवळ पेटी बदलतात. मेंदूला हातही लागत नाही. मात्र ती संपेपर्यंत थांबू नये. विद्युत्‌प्रवाह अकस्मात थांबल्यास काही रोग्यांचे अंग लाकडासारखे ताठ होते, क्वचित प्राणावरही बेतते.

कधी तार तुटते किंवा सरकते. विद्युत्‌रोध मोजून व क्ष-किरण चित्र घेऊन ते ओळखतात. कधी तार मूळच्याच जागी दोन-तीन मिलिमीटर चुकलेली असते. मग बोलणे अडखळते, स्नायू ओढले जातात. तेव्हा प्रथम प्रवाहाचे मान बदलून पाहतात. त्याने भागले नाही, तरच तार नव्याने बसवितात.

सर्वांत भय जंतुसंसर्गाचे. परक्या वस्तूवर जंतू चिकट थर करून राहतात आणि औषध त्या थरात नीट पोहोचत नाही. म्हणून बहुधा पेटी व मानेतील तार काढावी लागते. संसर्ग वर चढला असेल, तर मेंदूतील तारही. मग कित्येक आठवडे प्रतिजैविके देतात आणि संसर्ग पुरता निवळल्यावरच सारे पुन्हा बसवितात. मधल्या काळात रोग्याला जुना कंप घेऊन, गोळ्यांच्या आधारावर दिवस काढावे लागतात.

पेटीवरची कातडी लाल झाली, की 'साधी पुळी असेल' म्हणून रोगी गप्प बसतो. पुन्हा शस्त्रक्रिया नको, ही त्याची भीती आपण समजू शकतो. परंतु ती तार थेट मेंदूपर्यंत गेलेली आहे, हे विसरून चालणार नाही. त्या लाल डागावर घरी लेप लावू नये, वाट पाहू नये. त्याच दिवशी शल्यविशारदांना दाखवावा. वेळीच दाखविलेला डाग कदाचित मेंदूतील तार वाचवील. लपविलेला डाग तीही घेऊन जाईल.