कुसळ पिकण्याआधीचे पंधरा दिवस

लोणंदच्या गुरुवारच्या बाजारात एका व्यापाऱ्याने मेंढीची लोकर दोन्ही हातांनी फाकवली. कातडीत कुसळं रुतलेली, दोन जागी पू धरलेला. त्याने तिथल्या तिथे भाव पाडला. मेंढी विकायला आलेले अण्णा सुप्याकडच्या माळावरचे. "गवत हाय ताई, पन येळंला मिळत न्हाई," एवढंच म्हणाले. ते डोक्यातून जाईना, म्हणून नीरा ओलांडून मी सुप्याला गेले.

तिथलं मयूरेश्वर अभयारण्य 1997 सालचं, क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. चिंकाऱ्यांसाठी राखलेला हा माळ. अण्णांची मेंढरं हद्दीबाहेर, खुरटलेल्या रानात. त्यांनी एक मेंढी गुडघ्यांत दाबली, लोकर चाचपली आणि कुसळ चिमटीत धरून सरळ उपसलं. वाकडं ओढलं की टोक आत मोडतं. मग ते माझ्या तळहातावर ठेवून वर पाण्याचा थेंब सोडला. कुसळाची काळी शेपटी पीळ सोडत गरगर फिरू लागली. अशीच फिरत ती बी जमिनीत रोवते. मेंढीची कातडी मधे आली तर कातडीत.

ज्या गवताचं हे कुसळ, ती कुसळी कोवळी असते तोवर मेंढरं ती आवडीने खातात. पिकली की तोंड लावत नाहीत, आणि दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा पश्चिमेला निघतो. म्हणून अण्णांचं मागणं एवढंच: "दसऱ्याच्या मागंफुडं पंधरा दिस आत सोडा. जादा नगं."

टपरीवर एक निवृत्त वनरक्षक भेटले. पंधरा दिवस म्हणताच त्यांनी मान हलवली. वाड्यासोबत कुत्री येतात, ती पाडसांच्या मागे लागतात. पावसाळ्यात चित्तूर, लावे गवतात जमिनीवरच अंडी घालतात, ती खुरांखाली जातात. एका वाड्याला हो म्हटलं की दहा वाडे दारात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पाच चौरस किलोमीटरला दहा वाडे सोसायचे नाहीत.

पण अण्णा पावसाळा मागतच नाहीत. ते मागतात अंडी फुटल्यानंतरचे आणि कुसळ पिकण्याआधीचे दिवस. शिवाय न चरलेलं, न कापलेलं गवत उन्हाळ्यात वाळून लोळतं आणि एका ठिणगीत पेटतं. त्याहून वाईट म्हणजे माळ ओसाड दिसतो म्हणून त्यावर झाडं लावण्याची आपली हौस. सोलापूरजवळ नान्नजला, खुद्द माळढोकाच्या अभयारण्यात, गिरिपुष्प लावलं गेलं. मोकळ्या रानात राहणाऱ्या पक्ष्याला झाडीचा काय उपयोग? सरकारी नकाशात माळाची नोंद 'पडीक' अशी होते, तिथूनच ही चूक सुरू होते.

कायद्याने दार बंद केलेलं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात राष्ट्रीय उद्यानात चराईला मनाई आहे. अभयारण्यात मात्र ती नियमात बसवता येते. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्कही मान्य केला आहे.

तेव्हा वनखात्याने आणि गावांनी पुढच्या पावसाळ्याआधी एकत्र बसावं. माळाचे तुकडे पाडावेत, दरवर्षी एकच तुकडा खुला करावा, वाडे मोजून सोडावेत, कुत्री बांधून ठेवायची अट घालावी. आणि त्या बैठकीला अण्णांसारख्या मेंढक्यांना आधी बोलवावं, कारण कुसळ कधी पिकतं हे त्यांना नेमकं ठाऊक आहे.