विश्लेषण : जंगलावर बुरशीनाशक फवारले तर काय होते?

द्राक्षबागायतदाराला विचारा, बुरशी म्हणजे काय. ऐन हंगामात दोन दिवस ढगाळ हवा राहिली, तरी त्याची झोप उडते. मात्र उष्ण कटिबंधातील घनदाट जंगलात हीच बुरशी नेमके उलट काम करत असल्याचे एका प्रयोगातून दिसले. त्यासाठी संशोधकांनी मध्य अमेरिकेतील बेलीझ या देशात चक्क वर्षावनात फवारणी केली.

मूळ प्रश्न काय होता?

पनामातील बॅरो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरच्या एका तुकड्यात झाडांच्या सुमारे ३०० प्रजाती आढळतात. सगळ्यांना ऊन, पाणी आणि माती एकच. मग सर्वांत जोरकस प्रजातीने बाकीच्यांना केव्हाच हुसकावून का लावले नाही?

डॅनियल जॅन्झेन (१९७०) आणि जोसेफ कॉनेल (१९७१) यांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर सुचवले. बहुतेक बिया आईझाडाच्या जवळच पडतात. पण त्या प्रजातीवर जगणारे किडे आणि रोगही तिथेच दबा धरून असतात. त्यामुळे जिथे एकाच जातीच्या रोपांची गर्दी होते, तिथे ती जास्त मरतात आणि इतरांना जागा मिळते. इंजिनीअरिंगला ‘कंट्रोल सिस्टिम’ शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल, हा साधा निगेटिव्ह फीडबॅक आहे.

प्रयोगात काय आढळले?

बेलीझमधील चिकिबुल जंगलात १७ महिने फवारणी झाली. काही वाफ्यांवर फक्त पाणी, काहींवर कीटकनाशक, तर काहींवर दोनपैकी एक बुरशीनाशक. रॉबर्ट बागची आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ॲमिस्टार’ फवारलेल्या वाफ्यांत रोपांची विविधता १६ टक्क्यांनी घटली. होय, आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मिळते तेच. दुसऱ्या बुरशीनाशकाचा असा परिणाम दिसला नाही. कीटकनाशकाने कोणत्या प्रजाती किती उगवतात याचे प्रमाण बदलले, पण विविधता तितकी घटली नाही. म्हणजे जंगलातील ‘पोलीस’ प्रामुख्याने बुरशी निघाली.

बुरशीला ओलावा लागतो. हवामान बदलाने ही जंगले कोरडी पडली, तर पोलीसही अशक्त होतील, ही यातली खरी चिंता.

हे काम कोण करते?

बागची यांनी हे काम ऑक्सफर्डमध्ये सुरू केले आणि झुरिकच्या ‘ईटीएच’मध्ये पूर्ण केले. पीएचडी झाली, पण कायमची नोकरी नाही, अशा मधल्या टप्प्यावरील संशोधकाला ‘पोस्टडॉक’ म्हणतात. करार ठरावीक मुदतीचा. आपल्याकडील राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते.

अडचण इथेच आहे. १७ महिन्यांत रोपे मोजता येतात. त्यातली कोणती मोठी होऊन जंगलाच्या छतापर्यंत पोहोचतील, हे कळायला कित्येक दशके जावी लागतात. म्हणून बॅरो कोलोरॅडोवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून किमान एक सेंटिमीटर जाडीचे प्रत्येक खोड ठरावीक वर्षांनी मोजले जाते. तमिळनाडूतील मुदुमलाई येथे बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये असाच ५० हेक्टरचा तुकडा आखला. तिथे हत्ती आणि वणवे यांचाही हिशेब ठेवावा लागतो. झाडे तीच राहतात, मोजणारे मात्र बदलत जातात. करार संपला की पुढच्या अर्जाची तयारी, बहुधा दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात.

मग बागेतली फवारणी थांबवायची का?

नाही. बाग म्हणजे एकाच जातीची, खेटून उभी केलेली गर्दी. जॅन्झेन आणि कॉनेल यांच्या मते रोग नेमका अशाच ठिकाणी फोफावतो. जंगलात मेलेल्या रोपाची जागा दुसरी प्रजाती घेते. द्राक्षाच्या मांडवाखाली ती जागा घ्यायला दुसरे कोणी नसते, त्यामुळे पंप बाहेर काढावाच लागतो.