दोन विचलनांची रेघ

देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीत, उंची मोजायच्या दिवशी थोडा वेळ बसून पाहावे. नुकतीच दोन वर्षे पुरी झालेला मुलगा फळीला पाठ लावून उभा राहतो. सेविका त्याच्या टाचा टेकवते, हनुवटी सरळ करते आणि आकडा लिहिते : समजा, ८२ सेंटिमीटर. खुजेपणाची रेघ ८१ वर आहे. मुलगा रेघेच्या वर, म्हणून ‘साधारण’.

ही रेघ आली कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली सुमारे साडेआठ हजार मुले मोजली. भारतातली मुले दक्षिण दिल्लीची होती. आईचे दूध मिळालेली, पोटभर खाणारी, चांगल्या घरांतली मुले मुद्दाम निवडली होती. अडथळा नसेल तर मूल किती वाढते, हे पाहायचे होते. २००६ साली आलेल्या त्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलग्यांची सरासरी उंची ८७.१ सेंटिमीटर आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा फैलाव, ३.०५ च्या आसपास.

धानाच्या एका बांधीतल्या शंभर लोंब्या मोजल्या तर बहुतेक मधल्या लांबीच्या निघतात. फार आखूड, फार लांब थोड्याच. अनेक लहानलहान कारणांची बेरीज होते तिथे बहुधा असेच घडते. आलेख घंटेसारखा दिसतो आणि गणितात त्याला प्रसामान्य वितरण म्हणतात. (उंची या नियमाला चांगली धरून असते. वजन मात्र तितके समंजस नाही, ते जड बाजूला जास्त पसरते.) या घंटेत सरासरीच्या एक विचलन खाली शंभरात सोळा जण असतात, दोन विचलने खाली दोन-तीन, तीन विचलने खाली हजारात एखादा. ८७.१ मधून दोन विचलने वजा केली की ८१ येतात. हीच ती रेघ.

आता आपल्या मुलाचे गणित. सरासरीपेक्षा तो ५.१ सेंटिमीटरने कमी, भागिले ३.०५, म्हणजे १.६७ विचलने खाली. तक्ता सांगतो, उत्तम पोसलेल्या शंभर मुलांतही सुमारे पाच जण याहून बुटके असतात. तेव्हा एवढ्यावरून त्याच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. कदाचित आईबापच ठेंगणे असतील.

उष्मांकांच्या बाबतीत हाच युक्तिवाद पां. वा. सुखात्मे यांनी केला होता. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांकांवर दारिद्र्यरेषा आखली. सुखात्म्यांचे म्हणणे, गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसाचीही रोज बदलते; म्हणून सरासरीच्या दोन विचलने खाली गेल्यावरच उपाशी म्हणावे. दांडेकरांना हे मान्य नव्हते आणि वाद बरीच वर्षे चालला. माझ्या मते एका माणसाविषयी सुखात्मे बरोबर होते. समूहाची गोष्ट वेगळी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुजेपणाच्या रेघेखाली आढळली. चाळीस मुलांच्या अंगणवाडीत निसर्गाच्या हिशेबाने रेघेखाली एखादेच असावे. या प्रमाणाने चौदा होतात. हा योगायोग असण्याची शक्यता नाहीच. फैलाव तेवढाच धरला, तर रेघेखाली ३५ टक्के येण्यासाठी अख्खी घंटा १.६२ विचलने डावीकडे सरकावी लागते. मोजमापातल्या चुकांनी फैलाव वाढतो हे जमेस धरले तरी सरकणे दीडच्या आसपास राहते. म्हणजे रेघेखालची चौदाच नव्हे, वरची सव्वीस मुलेही बहुतेक आपापल्या उंचीला मुकली आहेत. फक्त त्यांची मोजदाद होत नाही.

दोन वर्षांच्या मुलग्यांसाठी त्या सरकलेल्या घंटेचा मध्य ८२ सेंटिमीटरच्या जवळ येतो. फळीला उभा असलेला आपला मुलगा नेमका तिथेच आहे आणि कुठल्याच यादीत नाही. पुढच्या महिन्यात रेघ ८१.७ वर गेलेली असेल.