हायड्रोजन आणि राजाश्रय

राजाश्रय हा शब्द ग्वाल्हेरकरांस समजावून सांगावा लागत नाही. येथे तो संगीतास लाभला, तसाच लोहमार्गासही लाभला. शिंदे संस्थानाने घातलेल्या दोन फुटी रुळांवरून २०२० पर्यंत गाडी धावत होती. नवे तंत्र आरंभी स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नाही. त्यास कोणाचा तरी हात लागतो. हायड्रोजनला तो हात आता राज्यशासने देऊ लागली आहेत. तो कोठे द्यावा, हा खरा प्रश्न आहे.

पाण्यातून वीजप्रवाह सोडला की हायड्रोजन व प्राणवायू वेगळे होतात. ही वीज सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून मिळालेली असेल, तर त्या हायड्रोजनास ‘हरित’ म्हणतात. इंधनघटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, याच्या उलट घडते. तेथे दोन्ही वायूंचा संयोग होऊन वीज व पाणी मिळते. धूर निघत नाही.

मग अडते कोठे? आपल्याच बाजूच्या गुना जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. विजयपूर येथे ‘गेल’ या केंद्रीय कंपनीच्या १० मेगावॅटच्या यंत्राचे उद्घाटन मे २०२४ मध्ये झाले. त्याची क्षमता दिवसास ४.३ टन हायड्रोजनची आहे. असे यंत्र अहोरात्र चालले, तर २ लाख ४० हजार युनिट वीज लागेल. म्हणजे किलोमागे सुमारे ५६ युनिट. युनिटचा दर ५ रुपये धरला, तरी केवळ विजेचेच २८० रुपये झाले. उलट, तोच किलोभर वायू इंधनघटात घातला, तर साधारणतः १७ युनिटच हाती येतात. तृतीयांशही परत मिळत नाही.

हा हिशेब मनात ठेवून महाराष्ट्र शासनाचे धोरण पाहावे. जुलै २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने हरित हायड्रोजन धोरण संमत केले व त्यासाठी ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद ठरविली. प्रकल्पांस वीज पारेषण आकारात ५० टक्के व वहन आकारात ६० टक्के सवलत १० वर्षांसाठी देऊ केली. विद्युत शुल्कही माफ केले. खर्चाचे मूळ विजेत असल्याने हा हात योग्य जागी पडला आहे. याखेरीज पहिली २० इंधन भरणकेंद्रे व इंधनघटावरील पहिली ५०० प्रवासी वाहने यांस ३० टक्के अनुदान आहे. मात्र त्यास कमाल मर्यादा घातली आहे. प्रयोगास साहाय्य करावे, पण त्याचे व्यसन लागू देऊ नये, हा विवेक त्यात दिसतो.

वाहनास विजेरीचा पर्याय आहे. खतास तसा पर्याय नाही. विजयपूरच्याच नॅशनल फर्टिलायझर्सच्या कारखान्यात युरियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढला जातो, आणि त्या रीतीने किलोमागे ९ ते १० किलो कर्बवायू बाहेर पडतो. जेथे हायड्रोजन हाच कच्चा माल आहे, तेथे त्याला दुसरे काही चालत नाही. म्हणून सार्वजनिक पैशाचा पहिला वाटा खत व तेलशुद्धीकरण यांच्याकडे जावा, वाहनांचा क्रम त्यानंतर यावा.

राजाश्रय देणाऱ्याने पात्र पाहून दान द्यावे, अशी आपली जुनी समजूत आहे. कर भरणाऱ्या नागरिकानेही ते पात्र पाहण्याचा अधिकार सोडू नये.