फुकटात रुळलेली भाषा

मंडळी, आपला माल चोरीला गेला तर नुकसान होते, हे सांगायला पंडित नको. पण संगणकाच्या धंद्यात एक चोरी अशी झाली, की मालकाने आधी कपाळ बडवले आणि पुढे त्याच मालाचा बोलबाला झाला.

१९७५ साली अमेरिकेतल्या अल्बुकर्की येथील ‘मिट्स’ कंपनी ‘अल्टेअर ८८००’ हा छोटा संगणक विकू लागली. सुटे भाग घ्यावेत नि घरी जोडावेत. पण नुसते यंत्र म्हणजे मोट आहे, बैल नाहीत! काम सांगायला भाषा हवी. ‘बेसिक’ ही १९६४ ची, डार्टमथ कॉलेजातली भाषा या इवल्या यंत्रात बसवली ती बिल गेट्स, पॉल अ‍ॅलन आणि मॉन्टे डेव्हिडॉफ या तरुणांनी. भोके पाडलेल्या कागदी फितीवर ती मिळे.

कॅलिफोर्नियात प्रात्यक्षिक चालू असता एक फीत कुणीतरी लांबवली. तिच्या नकला ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ या हौशी लोकांच्या बैठकीत वाटल्या गेल्या. अट काय, तर एक न्या नि दोन करून आणा. बियाणे दुपटीने फेडावे तसेच की हे!

३ फेब्रुवारी १९७६ च्या उघड्या पत्रात गेट्सने तक्रार केली, की दहा अल्टेअरवाल्यांत एकानेही बेसिक विकत घेतलेली नाही आणि आमची मजुरी तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाही. रास्तच होते ते.

पण हात ज्या अवजाराला बसतो तेच तो मागतो. लोक याच बेसिकवर शिकले, एकमेकांना देत ते त्यातलेच काम. मग १९७७ साली कमोडोरने ‘पेट’ संगणक काढला, त्यात मायक्रोसॉफ्टचीच बेसिक घातली. अ‍ॅपल, टँडी आणि १९८१ साली आयबीएम, सर्वांनी तीच घेतली. हौशी माणसाने बुडवले ते कारखानदाराने भरले म्हणा ना! सगळे श्रेय नकलेचे नव्हे; माल चांगला होता, वेळेवर होता.

गुरुजी, कादंबरीचे असे होत नाही. तुम्ही वाचलीत म्हणून शेजाऱ्याला ती अधिक उपयोगी ठरत नाही. भाषेला मात्र बोलणारे वाढले की मोल चढते. यात खरा मार बसतो तो स्वस्तात विकणाऱ्याला. १९७६ साली ‘टायनी बेसिक’ पाच डॉलरला मिळे. पण मोठी फुकट मिळत असता त्या पाच डॉलरांचे आकर्षण ते काय?

गेट्सनेच १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात चीनविषयी बोलताना सांगितले, की लोक चोरणारच असतील तर आमचेच चोरोत. सवय लागली की वसुलीची वाट पुढच्या दशकात काढू.